औषध तुमचं, पण गोळी कुणाच्या अंगात?

भात पिकायला लागलं की आमच्याकडे रानडुकरांची राखण सुरू होते. मागच्या हंगामात आमच्या वाडीतले पाच-सहा जण रात्री निघाले. त्यातल्या एका काकांना पाठीचं जुनं दुखणं. वैद्यांनी दिलेलं विजयाचं, म्हणजे भांगेचं तेल ते जिभेखाली घेतात. त्या रात्रीही घेतलं आणि बंदूक खांद्याला लावली.

मी म्हटलं, "काका, आज बंदूक दुसऱ्याकडे द्या." ते म्हणाले, "ता औषध आसा रे, नशा नाय. माका काय्येक होना नाय."

बाकीचे गप्प. मोठ्या माणसाला कोण बोलणार? मी घरी परतलो. त्या रात्री काही झालं नाही. म्हणूनच आज लिहितोय, झाल्यावर लिहून काय उपयोग?

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. मी त्या औषधाच्या विरोधात नाही. ज्याची पाठ रात्रभर ठणकते त्याला "गंजेडी" म्हणणाऱ्यांची मला चीड येते. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात गांजा गुन्हा आहे, पण नुसती पानं त्या व्याख्येत येत नाहीत. आयुर्वेदात विजया आहेच. पण सरकारी नियमांनी तिला ई-१ यादीत टाकलंय. म्हणजे वैद्याच्या देखरेखीखालीच घ्यायचं औषध. ही यादी उगाच केलेली नाही.

कायदेशीर आहे म्हणजे बंदुकीसोबत चालतं, हे कुठून आलं? झोपेची गोळीही कायदेशीरच आहे. ती घेऊन एसटी चालवाल का?

गांजा-भांगेतला जो घटक डोक्यात चढतो, तो पोटातून घेतला तर अर्ध्या तासापासून दोन तासांपर्यंत कधीही चढतो आणि पुढे कित्येक तास उतरत नाही. अंतराचा, वेळेचा अंदाज चुकतो, हात उशिरा हलतो. बाटलीत तो किती आहे, हे आपल्यापैकी किती जण वाचतात? आणि सगळ्यात वाईट म्हणजे "मी ठीक आहे" असं ज्याला वाटतं, त्याच्याच अंदाजावर आपण विसंबून राहतो.

नशा नसतानाही माणूस चुकतो. २००६ मध्ये अमेरिकेचे उपराष्ट्राध्यक्ष डिक चेनी यांनी पक्ष्यांच्या शिकारीत सोबत्याच्याच तोंडावर आणि छातीवर छर्रे झाडले, तेही दिवसाउजेडी. २०२५ च्या सुरुवातीला पालघरमध्ये मनोरजवळच्या जंगलात रानडुक्कर समजून सोबत्यालाच गोळी घातली गेली आणि घाबरून प्रेत लपवलं गेलं. तिथे कुणी काही घेतलं होतं असं मी म्हणत नाही. माझा मुद्दा उलटा आहे: शुद्धीतल्या माणसाच्या हातून हे होतं, तर अर्धवट शुद्धीतल्याच्या हातून काय होईल?

आता कुणी म्हणेल, "दारू पिऊन जाणाऱ्यांना काय बोलत नाहीस?" बोलतो ना! खिशात क्वार्टर टाकून जाणारे जास्त आहेत आणि तेच मोठे गुन्हेगार आहेत. पण दारू प्यायलेल्याचं तोंड वास मारतं, तो ओळखता येतो. औषधवाला ओळखता येत नाही. म्हणून त्याने स्वतःहून सांगणं ही त्याची जबाबदारी आहे.

परवानगीशिवाय शिकार १९७२ च्या कायद्याने गुन्हाच आहे, तिचं समर्थन मी करत नाही. पण ज्यांच्याकडे पीक संरक्षणाचा परवाना आहे, रीतसर परवानगी आहे, त्यांनी तरी निघण्यापूर्वी एकमेकांना सरळ विचारावं: आज कोणी काय घेतलंय? ज्याने घेतलं असेल त्याने बंदूक ठेवावी, मांगरात बसावं, चहा करावा. त्यात कसला कमीपणा? आणि तो ऐकत नसेल, तर बाकीच्यांनी त्या रात्री निघूच नये.

एका रात्रीचं भात गेलं तर भरपाईसाठी वनखात्यात खेटे घालता येतात. माणूस गेला तर कुठे खेटे घालणार?

काका हे वाचतील. रागावतील. रागावू देत. पुढच्या हंगामात ते आणि त्यांच्या पुढे चालणारा पोरगा, दोघेही घरी परत यायला हवेत.