उधन्याची भाकरी

मुंबईहून सुरतेकडे जाणाऱ्या मुख्य लोहमार्गाला तापीखोऱ्याचा फाटा जेथे मिळतो, ते उधना स्थानक. बारडोली, व्यारा, नवापूर, नंदुरबार, अमळनेर असा जळगावपर्यंत जाणारा हा मार्ग १९०० च्या सुमारास खुला झाला, आणि पुढे सुरतेत यंत्रमाग वाढले तसा याच वाटेने खानदेश उधन्यात येऊन वसला. उधना, लिंबायत, पांडेसरा, डिंडोली या वस्त्यांतून आज अहिराणी कानी पडते ती काही पाहुणी म्हणून नव्हे. या मंडळींनी गावाहून फारसे काही आणले नाही. काठवट, तवा आणि क्वचित मांडे भाजण्याचे खापर एवढे मात्र आवर्जून आणले.

त्या काठवटीचे काय होणार, हा आजच्या लेखाचा विषय आहे. भाकरीवर अग्रलेख कसला, असे कोणी म्हणेल. अन्नावर लिहिण्याचा अधिकार केवळ दुष्काळातच प्राप्त होतो, असे आम्ही मानीत नाही.

भाकरीला यीस्ट लागत नाही आणि आंबवणही लागत नाही. यात मागासपणा पाहणाऱ्यांनी तिचे शास्त्र जाणून घ्यावे. गव्हात ग्लूटेन नावाचे चिवट द्रव्य असते. यीस्टने निर्माण केलेला वायू त्याच्या जाळ्यात अडकतो आणि पाव फुगतो. ज्वारीत ते द्रव्यच नाही. म्हणून आमच्या आज्या-पणज्यांनी पीठ कढत पाण्याने भिजविण्याची युक्ती काढली. उष्णतेने पिठूळ अंश चिकट होतो व पीठ एकजीव होते. मग ते तळहाताने रगडावयाचे, एका वेळी एकाच भाकरीपुरते, आणि कोरड्या पिठावर थापावयाचे. तव्यावर टाकताच पीठ लागलेल्या वरच्या अंगाला पाण्याचा हात फिरवावयाचा. ते पाणी पुरते सुकण्याआधी उलटली नाही तर भाकरीला तडे जातात. अखेर विस्तवावर धरली की आतल्या पाण्याची वाफ होऊन पापुद्रा सुटतो. भाकरी फुगते ती निव्वळ वाफेने. पीठ शिळे असेल, त्याची विरी गेली असेल, तर साऱ्या कसबाला ती दाद देत नाही. ताजे दळण ही तिची पहिली अट आहे, आणि हवाबंद पिशव्यांतून पीठ विकणाऱ्यांची नेमकी तीच अडचण आहे.

खानदेशाने यावर आणखी एक पाऊल टाकले. चार भाग ज्वारीत एक भाग उडीद घालून, मिठासह दळून केलेली कळण्याची भाकरी ही धान्य आणि कडधान्य यांची अशी सांगड आहे की आहारतज्ज्ञांनीही मान डोलवावी. कोकणात ज्वारी नव्हती, तेथे तांदळाची उकड आणि नाचणी यांनी हेच कार्य केले. सुरतेच्या गुजराती शेजाऱ्याचा रोटला तर भाकरीचा सख्खा भाऊ. पावाशी आमचे वैर नाही; गोमंतकीय पोदेराच्या पावाची चव आम्ही जाणतो. परंतु १९६५ साली सरकारने मॉडर्न बेकरीज ही कंपनी स्थापून डबलरोटी घरोघर नेण्याचा उद्योग आरंभिला, आणि भाकरीसाठी मात्र अशी कोणतीही कंपनी कधी निघाली नाही. १९३४ मध्ये वर्ध्यास स्थापन झालेल्या ग्रामोद्योग संघाने हातदळाच्या पिठाचा पुरस्कार केला होता. त्या विचाराला स्वराज्यात उत्सवमूर्तीचा मान मिळाला, पण कारभारात जागा मिळाली नाही.

२०२३ हे वर्ष भारताच्या प्रस्तावावरून संयुक्त राष्ट्रांनी भरड धान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळले. मेजवान्या झडल्या, भित्तिपत्रके लागली. त्याच वर्षाच्या जानेवारीपासून अन्नसुरक्षा कायद्याखालील धान्य विनामूल्य झाले. हे योग्यच झाले. पण शिधावाटपात वरचष्मा राहिला तो गहू-तांदळाचाच. २०२५-२६ साठी संकरित ज्वारीची आधारभूत किंमत क्विंटलला ३६९९ रुपये व गव्हाची २४२५ रुपये. म्हणजे एके काळचे गरिबाचे धान्य आज गव्हाहून महाग, आणि गहू तर शिधापत्रिकेवर फुकट. अशा स्थितीत मागावर बारा-बारा तास राबणाऱ्याच्या घरात भाकरी मागे पडली, तर दोष त्याच्या जिभेला देता येणार नाही. ज्वारी हौसेची वस्तू होत आहे. ती परवडणाऱ्यांच्या ताटात वैद्याच्या सल्ल्याने परतते आणि ज्यांची ती होती त्यांच्या ताटातून निघून जाते.

दुसरा प्रश्न घरातला आहे, आणि तो सरकारवर ढकलता येणार नाही. भाकरी एकेक करावी लागते, गरम वाढावी लागते. साडीला टिकल्या चिकटविण्याचे काम घरी आणून दोन पैसे मिळविणाऱ्या गृहिणीनेच पहाटे उठून पंधरा भाकऱ्या थापाव्यात आणि बाकीच्यांनी संस्कृतिरक्षणावर बोलावे, हा न्याय आम्हास मान्य नाही. जे हात मागावरचा तुटलेला धागा क्षणात सांधतात, त्यांना भाकरी थापणे अवघड जावे हे पटत नाही. मुलांना, मुलींइतकेच, हे शिकविले पाहिजे.

शासनापुरती मागणी मात्र नेमकी आहे. अन्नसुरक्षा कायद्यात भरड धान्याची तरतूद प्रारंभापासून आहे. एका राज्याची शिधापत्रिका दुसऱ्या राज्यात चालते. पण तेथील दुकानात जे असेल तेच पदरात पडते. २०२१ च्या अखेरीस केंद्राने नियम सुधारून, एका राज्यात खरेदी झालेले शिलकी भरड धान्य अन्न महामंडळामार्फत दुसऱ्या राज्यात नेण्याची सोय केली. घेणाऱ्या राज्याने खरेदीपूर्वी मागणी नोंदवावी एवढीच अट. खानदेशात ज्वारी पिकते, खाणारे उधन्यात आहेत, मध्ये थेट लोहमार्ग आहे. कुटुंबाच्या वाट्यातील काही किलो गव्हाऐवजी, ज्याला हवी त्याला ज्वारी मिळावी, इतकेच मागणे आहे. खरिपाची खरेदी दिवाळीच्या सुमारास सुरू होते. गांधीनगरहून मागणीपत्र जावयाचे तर ते भाद्रपदातच गेले पाहिजे.