वाडा कुणाचा?

मुलांनो, एकदा आम्ही पालीहून पुण्याला सहल नेली होती. बाजीराव रस्त्यावर विश्रामबागवाडा पाहायला थांबलो. लाकडी मेघडंबरी, सुरूच्या झाडासारखे घडवलेले कोरीव खांब! सगळे बघतच राहिले. तेवढ्यात पाचवीतल्या एका पठ्ठ्याने कंपासपेटीतून कर्कटक काढलं. खांबावर नाव कोरायचा बेत! मी हात धरला, तर म्हणतो कसा, "गुरुजी, इथं कुणी राहतच नाही. मग हा वाडा आता कुणाचाय?"

प्रश्न बरोबर होता. तिथेच पायरीवर बसून मी सांगू लागलो.

दुसऱ्या बाजीराव पेशव्यांनी १८०७ च्या सुमारास हा वाडा राहण्यासाठी बांधला. १८१७ मध्ये इंग्रजांनी पुणं घेतलं आणि पेशवे गेले. १८२१ मध्ये याच वाड्यात संस्कृत पाठशाळा सुरू झाली. म्हणजे पेशव्यांच्या घरात विद्यार्थी आले! १८७९ मध्ये मोठी आग लागली, जळालेला भाग पुन्हा उभारावा लागला. पुढे इथून पुणे नगरपालिकेचा कारभार चालू लागला. १९५० साली महानगरपालिका झाली, तरी काही वर्षं कचेऱ्या इथेच होत्या. पाणी, दिवाबत्ती, झाडलोट, असली रोजची कामं पेशव्यांच्या वाड्यातून व्हायची.

शनिवारवाडा मात्र १८२८ मध्ये जळाला. आज त्याचे दरवाजे, तट आणि आतली जोती तेवढी दिसतात.

एक लक्षात ठेवा. लाकडाच्या वाड्याला माणसांची जाग लागते. कौल फुटलं, वाळवी लागली, तर राबता असेल तिथे ते लवकर दिसतं. पण हीच माणसं खांबाला खिळे ठोकू लागली, नावं कोरू लागली, तर वाड्याने कुणाकडे बघायचं?

"म्हणजे वाडा आपला सगळ्यांचा," पोरगा म्हणाला आणि कर्कटक पेटीत गेलं.

खरं सांगू? त्याला रागवायला माझी जीभ रेटेना. लहानपणी आमच्या शाळेच्या खिडकीवर मीही नाव कोरलं होतं. ते अजून आठवलं की खाली बघावंसं वाटतं.

आपल्या बीडजवळची खजाना विहीरही निजामशाहीतली. बांधणारे गेले, पाणी मात्र पिढ्यान् पिढ्या रानाला मिळत आलं.

आता या रविवारी एक काम करा. तुमच्या गावातली चावडी, शाळा किंवा जुना वाडा पूर्वी कुणाचा होता, तिथे काय काय चालायचं, हे आजी-आजोबांना विचारा आणि वहीत लिहून ठेवा. नाव लिहायची हौस असेल, तर ते त्या पानाखाली लिहा!

तुमचे,
गुरुजी