डोकी मोजणारा कायदा

व्हाइटफील्ड वसले ते जनावरांसह. १८८२ साली म्हैसूरचे महाराज दहावे चामराज वडेयर यांनी युरेशियन व अँग्लो-इंडियन संघटनेस ३,९०० एकर जमीन दिली. सरकारी चाकरीवर विसंबून राहिलेल्या एका समाजाने नांगर धरावा, गोठा राखावा आणि स्वतःच्या पायांवर उभे राहावे, हा संघटनेचे पुढारी डी. एस. व्हाइट यांचा मानस होता. गावाने नाव घेतले ते त्यांचेच. आज त्या शेतजमिनीवर संगणक कंपन्यांचे मनोरे आणि उंच निवासी संकुले उभी आहेत. २००७ साली हा भाग बृहत् बंगळूर महानगरपालिकेत विलीन झाला, आणि २०२५ साली त्या महापालिकेच्या पाच महापालिका झाल्या तेव्हा तो पूर्व महापालिकेच्या वाट्यास आला. जनावर पाळणे हा तेथे आता अर्जाचा, परवान्याचा आणि संकुलाच्या वार्षिक सभेतील हमरीतुमरीचा विषय आहे. यात नवल काही नाही. शहर म्हटले की नियम आलेच. नवल आहे ते या नियमांच्या दृष्टीचे. ती जनावराकडे पाहते, त्याचे डोके मोजते, आणि त्याच्या मागे साचलेल्या कचऱ्याच्या ढिगाकडे पाठ फिरवते.

२०१८ साली बंगळूर महापालिकेचे पाळीव कुत्र्यांविषयीचे जे उपविधी जाहीर झाले, त्यांत स्वतंत्र घरास तीन कुत्री आणि फ्लॅटला एक, असे प्रमाण ठरवून दिले होते. फ्लॅटमध्ये कोणत्या जातींचे कुत्रे चालेल याची यादीही होती. लोकक्षोभ उसळला आणि ते उपविधी गुंडाळून ठेवावे लागले. त्यांमागील विचार मात्र गुंडाळला गेलेला नाही, म्हणून त्याची झडती घेणे अगत्याचे आहे. तीन आणि एक हे आकडे आले कोठून? लस टोचलेली, साखळीने फिरवली जाणारी तीन कुत्री शेजाऱ्यास लस न टोचलेल्या एका कुत्र्यापेक्षा अधिक घातक असतात, असे कोणताही पशुवैद्य म्हणणार नाही. हे माप रोगाचे नव्हे, चावण्याचेही नव्हे. ते चटईक्षेत्राचे माप आहे. ज्याचे घर मोठे, त्याचा जीव लावण्याचा अधिकार मोठा. खाटेखाली कुत्रीची पिले निजवणाऱ्या झोपडीचा तर त्यात उल्लेखही नव्हता, कारण झोपडीला परवाना कोण मागणार?

डोकी मोजून शहाणपण येत नाही, हे मुंबईने जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वी पाहिले आहे. बेवारशी कुत्री मारण्याची मुभा कंपनी सरकारने तेथे १८१३ साली दिली होती, पण ती वर्षातील ठराविक मुदतीपुरती. १८३२ साली ही मुदत वाढवण्यात आली आणि मारलेल्या प्रत्येक कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस मिळू लागले. आठ आणे ही त्या काळी थोडकी रक्कम नव्हे. कुत्रे पिसाळलेले आहे की नाही, त्याला धनी आहे की नाही, हे पाहण्यात पैसा नव्हता; पैसा डोक्यात होता. तेव्हा मारेकरी घराच्या ओट्यावरची पाळीव कुत्रीही ओढू लागले. ६ जून १८३२ रोजी, सणाच्या दिवशी, ज्यांच्या धर्मात कुत्र्याला मृताच्या सोबतीचे स्थान आहे ते पारशी रस्त्यावर उतरले. दुसऱ्या दिवशी बाजार बंद राहिले, गोऱ्यांच्या वस्तीचे अन्नपाणी अडले, आणि लष्कर बोलवावे लागले. या प्रकाराला इतिहासकार मुंबईतील कुत्र्यांची दंगल म्हणतात. हे नाव कुत्र्यांवर अन्याय करणारे आहे. दंगल आठ आण्यांची होती.

येथे कुत्र्यांचे कैवारी माना डोलावतील. त्यांनी इतक्या लवकर डोलावू नयेत. बंगळुरात २००७ च्या आरंभी काही आठवड्यांच्या अंतराने दोन लहान मुले भटक्या कुत्र्यांच्या हल्ल्यात मेली. नंतर महापालिकेने जी सरसकट पकड आणि कत्तल आरंभली ती लाजिरवाणी होती खरी. परंतु त्या कत्तलीविषयी जितके आसू ढाळले गेले तितके त्या दोन मुलांविषयी ढाळले गेले नाहीत, हेही तितकेच लाजिरवाणे आहे. दत्ताच्या पायाशी चार कुत्री आहेत, धर्मराजाने कुत्र्यासाठी स्वर्ग नाकारला, नामदेव तुपाची वाटी घेऊन कुत्र्यामागे धावले, हे दाखले व्याख्यानात शोभतात. रात्रपाळीहून पायी परतणाऱ्या सफाई कामगार बाईला धर्मराजाचा उपयोग नसतो. मोटारीतून फाटकाच्या आत उतरणाऱ्याने तिला भूतदया शिकवू नये.

मग उपाय काय? उपाय आहे आणि तो अज्ञात नाही, म्हणून तर संताप येतो. माणसाला होणाऱ्या रेबीजपैकी शंभरात नव्याण्णव वेळा तो कुत्र्यामार्फत येतो आणि एकदा लक्षणे दिसली की रोगी बहुधा वाचत नाही. एखाद्या टापूतील शंभरापैकी सत्तर कुत्र्यांना लस टोचली तर रोगाची साखळी तुटते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगत आली आहे. गोव्याने हे करून दाखवले. तेथे सरकार व स्वयंसेवी संस्था यांनी मिळून गावोगाव, वाड्यावाड्यांतून, वर्षामागून वर्ष कुत्री जाळ्यात धरून टोचली आणि तेथेच सोडली; मुलांना शाळेत जाऊन कुत्र्याशी कसे वागावे ते शिकवले. सप्टेंबर २०१७ नंतर सलग काही वर्षे गोव्यात रेबीजने माणूस दगावला नाही. तेथे कोणी फ्लॅटमधली कुत्री मोजत बसले नव्हते. टोचलेली कुत्री मोजली. मोजणी दोन्हीकडे होतीच, पण मोजण्याचा विषय बदलला आणि सारे बदलले.

बंगळुरातही मोजणी झाली आहे. २०१९ मध्ये भटकी कुत्री ३.१० लाख होती, २०२३ मध्ये २.७९ लाख भरली, आणि आठ विभागांत सर्वाधिक आढळली ती महादेवपुरा विभागात, म्हणजे व्हाइटफील्ड ज्यात येते त्यातच. हा योगायोग नव्हे. हे शहर ज्या दिशेला सर्वांत वेगाने वाढले ती ही दिशा. जेथे बांधकाम तेथे मजुरांची वस्ती, जेथे वस्ती तेथे उघड्यावर शिजणारे अन्न, आणि जेथे कचरागाडी रोज येत नाही तेथे कुत्र्यांचे अन्नछत्र. जवळच्याच मंडूर गावाच्या माथी या महानगराचा कचरा वर्षानुवर्षे मारला जात होता. गावकऱ्यांनी निकराचा विरोध केला तेव्हा २०१४ च्या अखेरीस तो थांबला. कुत्र्यांची संख्या परवान्याने ठरत नाही, उष्ट्याने ठरते, हे मंडूरच्या शेतकऱ्याला कोणी शिकवावे लागले नसते.

जुलै २०२५ मध्ये महापालिकेने सुमारे पाच हजार भटक्या कुत्र्यांना कोंबडीभात घालण्याची २.८८ कोटी रुपयांची योजना मांडली, तेव्हा देशभर तिची टिंगल झाली. टिंगल स्वस्त होती. भुकेले नसलेले आणि माणसाच्या हाताला सरावलेले कुत्रे लसीसाठी धरणे सोपे जाते, एवढे तथ्य त्या योजनेत होते. तिचा खरा दोष वेगळाच. पाऊण तीन लाखांहून अधिक कुत्र्यांतील पाच हजार म्हणजे शंभरातली दोनही नव्हेत. आणि जी महापालिका निविदा काढून भात घालणार होती, तीच कोपऱ्याकोपऱ्यावर निविदेवाचून त्यांना उष्टे घालीत होती. उजव्या हाताने दान आणि डाव्या हाताने दुर्लक्ष, अशी ही दोन हातांची व्यवस्था.

आता राहिली संकुलाची भिंत. प्राणी जननक्षमता नियंत्रणाचे केंद्रीय नियम २०२३ साली नव्याने आले. कुत्रे पकडावे, निर्बीज करावे, टोचावे आणि होते तेथेच सोडावे, हे त्यांचे सूत्र २००१ च्या नियमांचेच आहे आणि ते योग्य आहे. मोकळी झालेली जागा दुसरे, न टोचलेले कुत्रे लगेच बळकावते. नव्याने आले ते असे की, कुत्र्यांना अन्न घालण्याची जागा रहिवासी संघाने नेमून द्यावी आणि ती मुलांच्या खेळाच्या जागेपासून, जिन्यांपासून व प्रवेशद्वारापासून दूर असावी. कागदावर हे निर्दोष आहे. परंतु व्हाइटफील्डच्या संकुलात मुलांपासून दूर, जिन्यांपासून दूर, फाटकापासून दूर अशी जागा शोधू लागले की मागची भिंत लागते, आणि भिंतीपलीकडे पत्र्याच्या खोल्यांत ते संकुल बांधणारे मजूर राहतात. त्यांचीही मुले खेळतात. आतल्या पालकांची तक्रार मिटते, आतल्या दयावंतांचे समाधान होते, आणि ताटली भिंतीपलीकडे जाते. सत्तर टक्के लसीकरण झालेल्या टापूत याने फारसे बिघडणार नाही. न झालेल्या टापूत हा नियम धोका कमी करीत नाही, त्याचा केवळ पत्ता बदलतो.

पत्ता बदलण्याच्या या वृत्तीला २०२५ साली फार मोठे व्यासपीठ मिळाले. ११ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातील सारी भटकी कुत्री उचलून आश्रयगृहांत डांबण्याचा आदेश दिला. ही आश्रयगृहे होती कोठे? २२ ऑगस्टला मोठ्या पीठाने तो सुधारला: पिसाळलेली आणि आक्रमक कुत्री वगळून बाकीची निर्बीज करून, टोचून, जागच्या जागी सोडावीत. पुढे ७ नोव्हेंबरला शाळा, रुग्णालये, बसस्थानके, रेल्वेस्थानके येथली कुत्री हलवून पुन्हा तेथे न सोडण्याचा आदेश आला. शाळेच्या आवारात कुत्र्यांचा कळप नसावा, याविषयी समंजस माणसाचे दुमत होऊ नये. मात्र आवारातून हलवलेले कुत्रे ठेवावयाची जागा, डॉक्टर, खाद्य आणि पैसा यांची तजवीज आदेशाने होत नसते; ती महापालिकेच्या अंदाजपत्रकात करावी लागते. तेथे ती नसेल तर शाळेचे कुत्रे रात्री ज्या वस्तीच्या कडेला उतरवले जाईल ती वस्ती कोणाची असेल, हे सांगावयास ज्योतिषी नको.

२०२३ च्या नियमांत अन्न घालण्याच्या जागेवरून वाद झाल्यास तो सोडवण्यासाठी समितीची तरतूद आहे. तीत पशुवैद्यकीय अधिकारी आहेत, पोलिसांचा प्रतिनिधी आहे, प्राणिरक्षण संस्थांचे लोक आहेत, तक्रारदार आहे, रहिवासी संघाचा प्रतिनिधी आहे. भिंतीपलीकडच्या पत्र्याच्या खोल्यांना त्या समितीत खुर्ची नाही.