घाम आमचा, शिट्टी त्यांची

दोस्तांनो, क्रिकेट हा म्हणे सभ्य माणसांचा खेळ. ही सभ्य माणसं मी सहा वर्षं जवळून बघतोय. एका अकादमीत मी असिस्टंट कोच आहे. अकरा महिन्यांचं कंत्राट, मग एक महिना घरी, मग पुन्हा अकरा महिने. पहाटे साडेपाचला नेट बांधायचं, चेंडू टाकायचे, आणि तोंड बंद ठेवायचं.

मागल्या हिवाळ्यात १४ वर्षांचं एक पोरगं म्हणालं, सर, खांदा दुखतोय. फी माफीवर आलेलं, आपल्याच वस्तीसारख्या वस्तीतलं. हेडकोच हसला. 'ह्यांना कष्टाची सवय असते, टाकू दे.' कोवळ्या खांद्याला विश्रांती लागते हे मला ठाऊक होतं. पण मार्च जवळ आला होता, कंत्राट संपणार होतं. मी गप्प बसलो. मे महिन्यात पोरगं खेळ सोडून गेलं. तो खांदा माझ्या मानेवर बसलाय.

हे आजचं नाही. १८९२ च्या सुमारास पळवणकर बाळू पूना क्लबात महिना ४ रुपयांवर राबत होता. खेळपट्टी रोल करायची, गोऱ्या साहेबांना तासन् तास चेंडू टाकायचे. बॅट मात्र त्याच्या हाती द्यायची नाही. १९११ ला इंग्लंडच्या दौऱ्यात त्यानं ११४ बळी घेतले. कप्तान कोण? पतियाळाचा १९ वर्षांचा महाराजा! बाळूला हिंदू संघाचं कप्तानपद कधी मिळालंच नाही. भाऊ विठ्ठलला मिळालं, तेही १९२३ ला, भांडून. हाच बाळू १९३७ च्या निवडणुकीत बाबासाहेबांविरुद्ध उभा राहिला आणि हरला, हेही मी लपवत नाही. पण त्याच्या घामाचा हिशेब त्यानं मिटत नाही.

कुणी म्हणेल, मोठं नाव झालं की आवाज आपोआप मिळतो. झूट. २०२३ मध्ये विनेश, साक्षी, बजरंग महासंघाच्या अध्यक्षावर लैंगिक छळाचा आरोप करत जंतरमंतरवर बसले. २८ मे ला पोलिसांनी त्यांना उचलून गाडीत कोंबलं. ऑलिंपिकचं पदक असलेल्यांची ही गत, तर कंत्राटी माणसाला कोण विचारतो?

कारण निवड, पगार, हॉस्टेलची खोली, शिफारसपत्र, सगळ्या किल्ल्या एकाच्याच कमरेला. तक्रार करायची तीही त्याच्याकडेच! २०१३ च्या लैंगिक छळविरोधी कायद्यात क्रीडा संस्था आणि स्टेडियमही कामाची जागा म्हणून स्पष्ट लिहिलंय. दहा माणसं कामाला असली की तक्रार समिती पाहिजेच, आणि तिच्यात एक माणूस बाहेरचा. विचारा आपापल्या मैदानावर, कुठंय समिती? आणि दुखऱ्या खांद्याची, बुडवलेल्या पगाराची तक्रार ऐकायला तर कुणीच नाही.

म्हणून ग्राऊंडमन, नेट बॉलर, मालिशवाले, असिस्टंट कोच, सगळ्यांची एक युनियन पाहिजे. एकट्यानं बोललं की मार्चमध्ये घरी बसवतात. पन्नास जणांनी रोलर सोडला तर साहेब खेळणार कशावर?

ह्या मार्चला मी गप्प बसणार नाही. तुम्ही येताय का?

जय भीम.