लाल हिरड्या आणि भडक मथळे

२०१९च्या जानेवारीत ‘हिरड्यांतील जीवाणूंमुळे अल्झायमर्स’ अशा आशयाचे मथळे जगभर झळकले, आपल्याकडेही झळकले. मूळ शोधनिबंधात मृत रुग्णांच्या मेंदूंत ‘पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस’ या जीवाणूच्या खुणा सापडल्याची नोंद होती. खुणा सापडणे वेगळे आणि कारण सिद्ध होणे वेगळे, हे विज्ञानाच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असते. पुढे याच कल्पनेवर बेतलेले औषध चाचणीत उतरले आणि २०२१च्या ऑक्टोबरात मुख्य उद्दिष्टे गाठण्यात अपयशी ठरले. ती बातमी आपल्यापैकी किती जणांनी वाचली?

माझा आक्षेप केवळ अतिरंजनाला नाही. या गदारोळात जे निर्विवाद आहे, तेच वाचकापर्यंत पोहोचत नाही. डेन्मार्कमधील आऱ्हुस येथे हाराल्ड लोए आणि सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्यांच्या १२ जणांना दात घासणे थांबवायला सांगितले. त्यांतील बहुतेक दंतवैद्यकाचे विद्यार्थी होते. १० ते २१ दिवसांत बाराही जणांच्या हिरड्या सुजल्या. घासणे पुन्हा सुरू होताच सुमारे आठवडाभरात त्या पूर्ववत झाल्या. कारण आणले, परिणाम दिसला; कारण काढले, परिणाम गेला. हा निबंध १९६५चा आहे. इतका स्वच्छ पुरावा माझ्या प्रयोगशाळेत मिळाला, तर मी पेढे वाटीन.

तरीही रक्त दिसताच आपण ब्रश बाजूला ठेवतो आणि मिठाच्या गुळण्यांवर भिस्त ठेवतो. हिरडीच्या कडेला साचणारा थर म्हणजे जीवाणूंनी स्वतःभोवती विणलेले चिकट जाळे. वाहत्या पाण्याचा वेग पृष्ठभागाला अगदी लगटून जवळजवळ शून्य असतो (हे मात्र माझ्या विषयातले). त्यामुळे चूळ कितीही जोरात भरली तरी तो थर जागचा हलत नाही. तो खरवडावाच लागतो : मऊ ब्रश हिरडीच्या रेषेवर तिरका धरून, दिवसातून दोनदा, दोन-दोन मिनिटे, फटींसाठी दोरा. थराचे किटण झाले, की ब्रश हरतो आणि दंतवैद्य गाठावा लागतो. ‘साफ केल्याने दात हलतात’ हा समज तर उलटाच आहे : दात आधीच सैल झालेले असतात, किटणाने ते झाकलेले असते. धूम्रपान करणाऱ्याच्या हिरड्यांतून रक्त कमी येते, म्हणून त्याने निश्चिंत राहणे तितकेच चुकीचे. रोग आत खोल जातच असतो.

शरीराशी असलेला संबंधच सांगायचा असेल, तर मधुमेहाचा सांगा. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३च्या पाहणीनुसार देशात सुमारे १०.१ कोटी मधुमेही आहेत. त्यांच्यापैकी ज्यांचा हिरड्यांचा रोग हाडापर्यंत पोहोचला आहे, त्यांच्यावर योग्य उपचार केल्यास तीन-चार महिन्यांत एचबीए१सी सरासरी ०.४ टक्के-बिंदूंनी उतरतो. २०२२च्या कॉक्रेन आढाव्यात हा निष्कर्ष अनेक यादृच्छिक चाचण्या एकत्र तपासून काढला आहे. आकडा लहान आहे, पण तो चाचण्यांतून आलेला आहे. आणि त्याच्यावर मथळा करायला कोणत्याही संपादकाला आजही मज्जाव नाही.