विश्लेषण : ‘जागल्यां’च्या इशाऱ्यांनंतर विमानावर भरवसा कसा ठेवायचा?

नवी मुंबई विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ रोजी प्रवासी उड्डाणे सुरू झाली. कर्जत, खोपोली, चौक परिसरातील प्रवाशांसाठी पनवेल ओलांडले की विमानतळ, इतके अंतर कमी झाले. मात्र १२ जून २०२५ च्या अहमदाबाद दुर्घटनेपासून विमान बनवणाऱ्या कंपनीवर विश्वास ठेवायचा का, हा प्रश्नही विचारला जात आहे. बोइंगच्याच कर्मचाऱ्यांनी त्याआधी दिलेले इशारे त्यामागे आहेत.

इशारे कोणी दिले?

‘व्हिसलब्लोअर’ला मराठीत जागल्या म्हणतात. मूळ अर्थ, गावात रात्री पहारा देणारा. जॉन बार्नेट हे बोइंगमध्ये तीन दशकांहून अधिक काळ होते. ७८७ ड्रीमलायनर बनवणाऱ्या साउथ कॅरोलायनातील कारखान्यात ते गुणवत्ता व्यवस्थापक होते. सदोष सुटे भाग बसवले जातात, वायरिंगजवळ धातूचा कीस राहतो, असे त्यांचे आरोप होते. कंपनीविरुद्धच्या खटल्यात जबाब सुरू असताना मार्च २०२४ मध्ये ते मृतावस्थेत आढळले. ती आत्महत्या असल्याचा निष्कर्ष पोलिसांनी काढला. पुढच्याच महिन्यात अभियंता सॅम सालेहपूर यांनी अमेरिकी सिनेटच्या उपसमितीपुढे साक्ष दिली. ७८७ च्या सांगाड्याच्या जोडांमधील फटी नीट भरल्या जात नाहीत, असे त्यांचे म्हणणे होते. चाचण्यांचा दाखला देत बोइंगने ते फेटाळले.

इशाऱ्यांत तथ्य होते का?

प्रत्येक आरोप सिद्ध झालेला नाही. पण कारखान्यातील त्रुटी कल्पित नव्हत्या. गुणवत्तेच्या प्रश्नांमुळे मे २०२१ ते ऑगस्ट २०२२ या काळात ७८७ विमाने ग्राहकांना देणे थांबले होते. जानेवारी २०२४ मध्ये अलास्का एअरलाइन्सच्या ७३७ मॅक्सचा दाराच्या जागी बसवलेला भाग हवेतच निखळला. त्याचे चार बोल्ट बसवलेलेच नव्हते, असे तपासात दिसले. त्याआधी २०१८ आणि २०१९ मधील मॅक्सच्या दोन अपघातांत ३४६ जणांचा बळी गेला होता. विमानाचे नाक आपोआप खाली आणणाऱ्या यंत्रणेची पुरेशी माहिती वैमानिकांनाही नव्हती. भारताने मार्च २०१९ मध्ये मॅक्सवर घातलेली बंदी ऑगस्ट २०२१ मध्ये उठली.

अहमदाबादशी याचा संबंध आहे का?

तसे अहवालात म्हटलेले नाही. या दुर्घटनेत जमिनीवरील १९ जणांसह २६० जण गेले. जुलै २०२५ च्या प्राथमिक अहवालानुसार उड्डाणानंतर दोन्ही इंजिनांचे इंधन स्विच एका सेकंदाच्या अंतराने ‘कटऑफ’वर गेले. ते का गेले, याचे उत्तर त्यात नाही. बोइंगसाठी त्या टप्प्यावर कोणतीही शिफारस नव्हती. त्यामुळे सालेहपूर यांचे आरोप या अपघाताला जोडणे घाईचे, आणि वैमानिकांना दोषी ठरवणेही तितकेच घाईचे.

प्रवाशाच्या हातात काय?

फारसे नाही. तिकीट काढताना विमानाचा प्रकार दिसतो. अकासा एअर तर ७३७ मॅक्सच वापरते. पण बोल्ट बसले की नाही, हे तिकिटावर कळत नाही. तपासणी करणारा कामगार निर्भयपणे बोलू शकतो का, यावरच प्रवाशाची सुरक्षा अवलंबून राहते.

भारतात जागल्याला संरक्षण आहे?

अमेरिकेत मॅक्स अपघातांनंतर, २०२० च्या अखेरीस, विमान उत्पादक कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांनाही कायद्याचे संरक्षण मिळाले. भारतात जागल्यांच्या संरक्षणाचा कायदा मे २०१४ मध्ये मंजूर झाला, पण तो अमलात आलेला नाही. आला तरी त्याचा भर लोकसेवकांच्या भ्रष्टाचारावर आहे. खासगी कारखान्यातील सुरक्षेची तक्रार त्यात बसत नाही. हा प्रश्न दूरच्या अमेरिकेपुरता नाही. ७८७ च्या तळाच्या तुळया नागपूरच्या मिहानमध्ये टाटा समूहाच्या कारखान्यात बनल्या आहेत. विमानांचे सुटे भाग इथे बनवण्याचे धोरण पुढे नेताना, चूक दाखवणाऱ्याची नोकरी जाणार नाही, याची हमीही सरकारला द्यावी लागेल.