पाण्यातला सुळका

जमिनीवरचा सुळका खालून वर चढतात. समुद्रातल्या सुळक्यावर मात्र वरून खाली उतरायचं! फ्रान्सच्या दक्षिणेला, भूमध्य समुद्रातल्या पोर-क्रो बेटाजवळ पाणबुडे असेच उतरतात. खोल पाण्यात लाल रंग हरवतो. काळपट दिसणाऱ्या प्रवाळाच्या फांद्यांवर टॉर्च मारला, की त्या लालभडक!

कपारीतून डोकावतो थोराड ग्रूपर, आपल्या कोकणातल्या हेकरूचा भाऊबंद. भाल्याने शिकार करून माणसांनी तो जवळजवळ संपवलाच होता. १९६३ मध्ये इथे राष्ट्रीय उद्यान झालं, १९९३ मध्ये फ्रान्सच्या या किनाऱ्यावर भाल्याने ग्रूपर मारायला बंदी आली, आणि स्वारी परतली.

वर येताना मात्र श्वास रोखायचा नाही, बरं का! पाण्याचा दाब घटतो, तशी फुप्फुसातली हवा फुगते. म्हणून सावकाश, श्वास घेत-सोडत यायचं.